पट वीस, गुरुजी एक: खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेचं विलीनीकरण

खानापूर तालुक्यात नंदगड आणि बिडीच्या मधल्या पट्ट्यात मराठी गावं आणि कन्नड गावं एकमेकांच्या शिवेला शीव लावून आहेत. बाजाराला, बँकेला, दवाखान्याला दोन्हीकडची माणसं एकाच बसने जातात. तिथल्या एका गावातल्या सरकारी मराठी लोअर प्रायमरी शाळेचं, म्हणजे पहिली ते पाचवीच्या शाळेचं, हे प्रकरण आहे. हे गाव नकाशावर शोधू नये. या भागातल्या छोट्या मराठी शाळांच्या वाट्याला जे येतं ते एका शाळेच्या नावावर लावून मांडलं आहे; माणसं, अंतरं आणि पटाचे आकडे त्यासाठी योजलेले आहेत. कायदे, निकाल आणि वर्षं मात्र जशी आहेत तशीच दिली आहेत.

सुरुवात तोंडी निरोपाने झाली. क्लस्टरचे सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट बघणारे शिक्षण खात्याचे माणूस, आले, हजेरीपट बघितला आणि जाताना गुरुजींना म्हणाले, पट वीसवर आलाय, वरून विचारणा आहे, पलीकडच्या शाळेत समायोजन करायचा प्रस्ताव जाईल. पलीकडची शाळा म्हणजे शेजारच्या गावातली सरकारी कन्नड शाळा. अंतर ८०० मीटर. मुलं तिकडे 'जोडली' जाणार होती, साहित्य तिकडे 'वर्ग' होणार होतं, गुरुजींची 'सोय' दुसरीकडे लागणार होती. शाळा बंद होणार हे वाक्य कुणीच उच्चारलं नाही.

एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, अध्यक्षांना हे दोन दिवसांनी कळलं, तेही शाळेत जेवण बनवणाऱ्या बाईंकडून.

आधी पट का घटला ते बघू, कारण प्रस्तावात ते नव्हतं. तिथे 'पटसंख्या कमी' एवढा एकच शेरा होता, जणू गावात पोरं जन्मायचीच थांबली. जन्म कमी झालेत हे खरंच आहे. पण गावातल्या सहा ते अकरा वयाच्या मुलांची घरोघरी मोजणी केली तेव्हा ती पन्नासवर निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं सकाळी व्हॅनमध्ये बसून दुसरीकडच्या खासगी शाळांत जात होती. ही व्हॅन एका दिवसात आलेली नाही. शाळेत दोन गुरुजी होते तोवर पट साठच्या घरात होता. एक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही. दुसऱ्यांना आठवड्यातले तीन दिवस डेप्युटेशनवर दुसऱ्या शाळेत पाठवलं, कारण तिथे तर एकही नव्हतं. त्या तीन दिवसांत कधी अतिथी शिक्षिका, कधी कुणीच नाही. उरलेल्या दिवसांत पाच वर्ग, मध्यान्ह जेवणाचा हिशेब, दूध, अंडी, सॅट्सवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंदी, खानापूरला मीटिंग.

शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाहेरचं काम लावायला मनाई करतं. तांदळाचा साठा मोजणं किंवा रेंज शोधत माळावर उभं राहून ऑनलाइन माहिती भरणं या मनाईत कुठेच बसत नाही. ते शाळेचंच काम ठरतं. वर्ग रिकामा राहतो आणि कायदा मोडल्याची नोंदही कुठे होत नाही.

पहिल्यांदा पोरं कुणी काढली? ज्यांच्या हातात महिन्याला व्हॅनचे पैसे होते त्यांनी. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत जाणारे, गोव्यात हॉटेलात असणारे, काजूचं थोडं बरं उत्पन्न असलेले. पंचायतीत ज्यांचा आवाज चालतो, बीईओ ऑफिसात, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे, जे न घाबरता जातात, ती हीच माणसं. त्यांची पोरं गेली आणि शाळेसाठी भांडणारेही त्यांच्याबरोबर गेले. मागे राहिली मजुरी करणाऱ्यांची आणि धनगरवाड्यावरची मुलं. पट घसरण्यापेक्षा हे नुकसान मोठं, आणि ते कुठल्याच रकान्यात येत नाही. भाषेसाठी भाषण करणारे दोन-तीन पुढारीही याच व्हॅनवाल्यांत होते, हे लिहून ठेवायला हवं. गावाला ते ठाऊक असतं, म्हणून अशा भाषणाला टाळ्या पडतात आणि प्रवेश मात्र पडत नाहीत.

निरोपानंतरच्या पहिल्या बैठकीत दोन सूर निघाले. एक सूर ओळखीचा: हा मराठीवर घाला आहे, मोर्चा काढूया. १९५६ पासून या भागात प्रत्येक प्रश्न शेवटी सीमाप्रश्नाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातले हुतात्मे, हिंडलग्याचं स्मारक, महाराष्ट्राने हक्क सांगितलेली ८६५ गावं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा. हे सगळं खरं आहे आणि जवळचंही आहे. पण सोमवारी पहिलीच्या वर्गात कोण उभं राहणार, हे त्यातून ठरत नाही. दुसरा सूर एका पोराच्या आईचा होता. ती म्हणाली, "अक्का, मोर्चा काढा की, कोण नको म्हणतंय. पण माझ्या पोराला तिसरीत गेला तरी जोडाक्षर वाचता येत नाही, ते कोण बघणार?"

बैठक तिथून वळली.

अध्यक्ष आणि दोन आया पलीकडच्या कन्नड शाळेत गेल्या. हे पाऊल मला या प्रकरणात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तिथल्या हेडमास्तरांचा पटही तिशीत होता. आपली पोरं पळवायला हा माणूस टपून बसलाय असं इकडे बोललं जात होतं, आणि प्रत्यक्षात ते म्हणाले, तुमची वीस पोरं आली तर माझी शाळा वाचेल, पण घरात मराठी बोलणाऱ्या तिसरी-चौथीतल्या पोराला मी एकदम कन्नडमधून भागाकार कसा शिकवू? त्यांनी हे लिहून दिलं नाही, सरकारी नोकर देणारही नाही. पण कन्नड शाळेतल्या पालकांनी आपल्या एसडीएमसीचा ठराव दिला: दोन्ही शाळा आपापल्या माध्यमात चालू राहाव्यात, दोन्हीकडच्या रिकाम्या जागा भराव्यात. मराठी शाळा वाचवायला कन्नड पालकांचा ठराव ही बेळगाव जिल्ह्यात बातमी व्हायला हवी होती. कदाचित भांडण नसल्यामुळेच ती झाली नाही.

आता कायद्याचं. गावात सगळ्यात आधी कुणीतरी राज्यघटनेचं कलम ३० काढलं: अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापून चालवायचा हक्क. ते इथे कामाचं नाही. ही संस्था अल्पसंख्याकांनी काढलेली नाही, सरकारची आहे. सरकारने मराठी शाळा चालवलीच पाहिजे असं कलम ३० म्हणत नाही. कलम ३५०-अ जवळचं आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आलं, भाषावार प्रांतरचनेबरोबरच, आणि प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असं ते सांगतं. 'प्रयत्न करावा' या शब्दांवर कोर्टात किती जोर देता येईल ते वकिलाला विचारावं. त्याच्या मागचा जुना आधार जास्त ठोस आहे: १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचं सूत्र, शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं त्या भाषेची असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पण हे सूत्र दुधारी आहे. पट वीसवर असलेल्या शाळेने ते पुढे केलं की समोरचा अधिकारी तोच आकडा उलट दाखवतो. म्हणून अर्जात ते घातलंच नाही, आणि ते बरंच झालं.

खरा आधार शिक्षणहक्क कायद्यात सापडला, तोही भाषेच्या कलमापेक्षा आधी शिक्षकसंख्येच्या परिशिष्टात. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट साठ असो की वीस, दोन. म्हणजे विलीनीकरणाचा प्रस्ताव ज्या 'अकार्यक्षमते'वर उभा होता तीच मुळात कायद्याबाहेरची स्थिती होती. शाळा आधी अर्ध्या शिक्षकावर आणायची, पट पडू द्यायचा, आणि मग पट पडला म्हणून शाळा उचलायची, अशी ती साखळी.

दुसरा मुद्दा अंतराचा. कर्नाटकच्या नियमांत पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. ८०० मीटर त्यात बसतं, म्हणून प्रस्ताव तयार करणाऱ्याला तो निर्दोष वाटला असणार. पण अंतर मोजताना पलीकडच्या शाळेचं माध्यम कुठेच मोजलेलं नव्हतं. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ शिकवण्याचं माध्यम शक्य तितपत मुलाची मातृभाषा असावी म्हणतं. सर्वात जवळची सरकारी मराठी शाळा चार किलोमीटरवर, मध्ये ओढा, पावसाळ्यात साकवावरून पाणी. एकूण काय, कन्नड शाळा धरली तर माध्यम मोडतं आणि मराठी शाळा धरली तर अंतर मोडतं. अर्जात हे दोन ओळींत लिहिलं गेलं आणि मला वाटतं त्या दोन ओळींनीच काम केलं. ओढ्याचे जुलैतले फोटो जोडले. शिक्षणहक्काच्या नमुना नियमांत अवघड भूभाग, पूर, रस्ता नसणं अशा ठिकाणी अंतराची मर्यादा कमी करायला सांगितलं आहे, त्याचाही उल्लेख केला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. २०१६-१७ मध्ये देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती आणि एकशिक्षकी शाळा १,०८,०१७ होत्या, हे आकडे त्या धोरणातलेच. विलीनीकरणवाले तिथे थांबतात. पुढे तेच धोरण म्हणतं की शाळा एकत्र करणं फार विचारपूर्वक आणि मुलांच्या पोहोचीला धक्का लागत नसेल तरच करावं. कर्नाटकात सध्या एकाच आवारात पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंतच्या कर्नाटक पब्लिक स्कूलवर भर आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आशियाई विकास बँकेच्या मदतीने अशा ५०० शाळा उभ्या करायची घोषणा झाली. चांगली इमारत, प्रयोगशाळा, सगळ्या विषयांना शिक्षक याला कुणाचा विरोध असेल? प्रश्न एवढाच की त्या मोठ्या आवारात मराठीचा वर्ग असेल का, आणि सहा वर्षांचं पोर तिथवर रोज कसं जाईल. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे अशा शाळा एकत्र करायची, कल्पना पुढे आली आणि तिथेही पालकांनी हेच विचारलं. तेव्हा हे केवळ कन्नड सरकार विरुद्ध मराठी माणूस असं नाही. मुंबईतलं मराठी सरकारही तोच हिशेब करतं.

बैठकीत सगळ्यात अवघड प्रश्न फौंड्रीत काम करणाऱ्या एका बापाने विचारला. त्याची दोन्ही पोरं व्हॅनवाली. तो म्हणाला, "सरकार एका पोरावर जेवढं खर्चतंय तेवढं माझ्या खात्यात टाकू दे की. मी बघतो कुठली शाळा ते." हा व्हाउचरचाच विचार, म्हणजे सरकारी पैसे शाळेला न देता मुलामागे द्यायचे; त्याला ते नाव माहीत नसेल एवढंच. त्याला गप्प बसवायचा प्रयत्न झाला, तो चुकीचा होता. कुठल्या माध्यमात शिकवायचं हे पालकाने ठरवायचं, राज्याने लादायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्याच खटल्यात सांगितलं आहे. इंग्रजी शाळेवर बंदी घालून मराठी शाळा भरायचा मार्ग तेव्हाच बंद झाला, आणि माझ्या मते तो बंद झाला ते बरंच झालं.

पण त्याच्या म्हणण्याची परीक्षा करता येते. आंध्र प्रदेशात २००८ पासून १८० गावांत सोडत काढून मुलांना खासगी शाळेसाठी व्हाउचर दिले गेले. चार वर्षांनी तपासलं तेव्हा तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाली आणि सरकारी शाळेतली मुलं सारखीच निघाली. हिंदीत व्हाउचरवाली बरीच पुढे होती, कारण सरकारी शाळांत त्या वर्गांना हिंदी जवळपास नव्हतीच. खासगी शाळेचा एका मुलामागचा खर्च मात्र सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता, मुख्यतः तिथल्या शिक्षकांना पगार फार कमी असल्यामुळे. व्हाउचरचे समर्थक खर्चावर बोट ठेवतात, विरोधक गणितावर. या गावापुरतं दोन्हीपेक्षा महत्त्वाचं आहे ते असं: गावात दुसरी शाळाच नाही. इथे व्हाउचर मिळालं तर त्यातला मोठा वाटा डिझेलमध्ये जाईल. आणि सहा मुलं गेली म्हणून उरलेल्या चौदांना गुरुजी दीडच पुरत नाहीत. वर्गखोली, छप्पर, दोन शिक्षक, जेवणाची बाई हा खर्च तसाच राहतो. पैसे मुलामागे फिरू लागले की हा खर्च 'न परवडणारा' ठरतो आणि ज्याला व्हॅनपर्यंतही जाता येत नाही त्याचं पोर उघड्यावर येतं.

कर्नाटकाने व्हाउचरच्या जवळ जाणारी एक गोष्ट करून पाहिली आहे. शिक्षणहक्कातल्या खासगी शाळांच्या २५ टक्के जागा, फी सरकार भरणार. २०१२ नंतर त्या सोडतीसाठी झुंबड असायची. खेड्यातले पालक शहरातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर अर्ज भरायचे. जानेवारी २०१९ मध्ये राज्याने नियम बदलला: शेजारात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत या जागा नाहीत. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो कायम ठेवला. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये तशीच दुरुस्ती केली ती मात्र मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. खानापुरात २०१९ नंतर काय व्हायला हवं होतं? सरकारी पैशाने खासगीत जायची वाट बंद, म्हणजे सरकारी शाळा भरायला हव्या होत्या. तसं झालं नाही. लोक स्त्रीशक्ती संघाकडून, म्हणजे बायकांच्या बचत गटाकडून, कर्ज काढून फी भरायला लागले. फुकट जागा बंद केल्याने ओढ थांबत नाही, कारण ओढ फुकटपणाची नव्हतीच. पोराच्या वर्गात रोज कुणीतरी मोठं माणूस उभं असतं, एवढीच बहुतेकांची अपेक्षा, आणि त्यावर टाय.

म्हणून अर्जासोबत गावाने शाळेत काय बदलायचं तेही लिहून दिलं. शिक्षणहक्कात एसडीएमसीला शाळा विकास आराखडा करायचा अधिकार आहे. एरवी तो गुरुजी एका संध्याकाळी भरतात आणि सह्या घेतात. या वेळी आयांनी तो बसून केला. पहिली मागणी डेप्युटेशन रद्द करा आणि दुसरी जागा भरा. दुसरी, इंग्रजी. कर्नाटकात सरकारी शाळांना पहिलीपासून इंग्रजी विषय २००७-०८ पासून आहे, त्यामुळे नवं काही मागायचं नव्हतं, जे आहे ते शिकवा एवढंच. तिसरी मागणी ऐकून बाहेरच्या काही भाषाप्रेमींना धक्का बसला: कन्नड नीट शिकवा. २०१५ च्या कायद्याने कन्नड सगळ्या शाळांत आलंच आहे. सक्ती म्हणून त्याला विरोध होतो आणि त्यामागचा इतिहास मला कळतो. पण या आया तलाठ्याकडचा कागद, बसची पाटी, दवाखान्यातली चिठ्ठी बघून बोलत होत्या. कन्नड येत नाही म्हणून पोर मराठी शाळेतून काढणारी दोन घरं गावातच होती. कन्नड शाळेच्या बाई आठवड्यातून दोनदा इकडे येतील आणि इकडचे गुरुजी तिकडे गणित घेतील अशी अदलाबदल दोन्ही एसडीएमसींनी सुचवली. कागदावर तिला मंजुरी आली नाही. सीआरपींनी तोंडी 'करा, मी बघितलं नाही' म्हटलं, आणि ती चालू आहे.

फाइल बीईओ ऑफिसला, एक प्रत डीडीपीआयना, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांना, आणि एक राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला गेली. शिक्षणहक्काच्या अंमलावर देखरेख ठेवायचं काम आयोगाचं आहे. पोच घेऊन ठेवली. ही पोच घेण्याची सवय गावाला नव्हती, ती एका निवृत्त पोस्टमनने लावली. मोर्चा निघाला नाही. तालुक्यातल्या नेत्यांना निवेदनाची प्रत दिली, त्यांनी फोन केले, त्याचा उपयोगही झाला असेल.

जूनमध्ये दाखल्यांच्या फेरीला आया घरोघर गेल्या. व्हॅनवाल्यांपैकी चार मुलं परत आली, त्यांत फौंड्रीवाल्याची दोन नव्हती. त्याचं म्हणणं, दुसरा गुरुजी येऊ दे, मग बघतो. त्याला दोष देता येत नाही.

प्रस्ताव रद्द झाल्याचा कागद कुणाला मिळालेला नाही. तो 'पुढे गेलेला नाही' एवढंच सांगितलं जातं. डेप्युटेशन थांबलं. दुसऱ्या जागेवर अतिथी शिक्षिका आली, मराठीत डी.एड. झालेली, मानधनावर, दर वर्षी नव्याने नेमायची. कायम शिक्षकाची जागा रिकामीच आहे, आणि मराठी माध्यमाची भरती निघेपर्यंत ती रिकामी राहील. पाचवीनंतरचा प्रश्न तसाच आहे: सहावीला जायचं तर तीच चार किलोमीटरची वाट आणि तोच ओढा, आणि साकव पंचायतीच्या कामांच्या यादीत तिसऱ्या वर्षीही आहे. यू-डायसची, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी माहितीची, नोंद ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या तारखेला आकडा चोवीसच्या खाली जाऊ नये म्हणून एसडीएमसीने ऊसतोडीला लवकर जाणाऱ्या दोन कुटुंबांशी आत्ताच बोलणी सुरू केली आहेत, पोरांना आजीकडे ठेवून जा म्हणून. एक तयार आहे, दुसरं अजून नाही.